टाइमआउटमध्ये बसायचं नाही

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोच्या रेषेवर आपण एकटे असतो. कुणी अडवत नाही, कुणी ढकलत नाही, त्यामुळे चुकलं तर दोष द्यायलाही कुणी सापडत नाही. हे मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे जुईनगरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे, वाशीच्या एका शाळेतले पीटीचे मास्तर. माझे वडील मार्केटात माथाडी. दोघं साताऱ्याकडच्या एकाच गावचे, त्यामुळे मास्तरांनी गाववाल्याच्या पोरीला संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर शिकवायचं, हे न बोलताच ठरलं होतं.

"तू बॉल टाकायला उभी राहिलीस की समोरचा कोच टाइमआउट घेणार," काका म्हणायचे. "तुझं डोकं फिरवायला. तेव्हा बसायचं नाही. हात झटकत उभंच राहायचं."

मी मान डोलवायची. मनात म्हणायची, माझ्यासाठी कोण कशाला टाइमआउट घेतंय!

आमच्या शाळेची फायनल नेमकी काकांच्याच शाळेशी आली. खेळ संपत आलेला, आम्ही एका गुणाने मागे आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. काकांनी लगेच टाइमआउट मागितला.

आमच्या बाईंनी मला खुर्चीत बसवलं. एकीने ओला नॅपकिन मानेवर ठेवला, दुसरी पुठ्ठ्याने वारा घालू लागली. हळदीला बसलेल्या नवरीसारखे माझे लाड चालले होते आणि मला ते भारी आवडत होते. समोरून काकांच्या टीममधल्या पोरी एकटक माझ्याकडेच बघत होत्या. त्यानेही मी फुगले. शिट्टी वाजली तेव्हा पाय जड झाले होते. पहिला बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही. दुसरा रिंगवर आपटून बाहेर गेला. आम्ही हरलो.

वडील तावातावाने मैदानात घुसले. "पोरीला शिकिवलंस आन् तिचाच काटा काढलास व्हय रं मास्तर? तुला गाववाला म्हनायची लाज वाटती!"

काका आपल्या पोरींसमोर मान खाली घालून उभे राहिले. 'हिला मी आधीच सांगून ठेवलं होतं,' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसस्टॉपवर मी वडिलांना खरं काय ते सांगितलं. ते आल्या पावली परत फिरले. मी मागोमाग. मैदानावर काका बॉल पोत्यात भरत होते. मार्केटात भल्याभल्या व्यापाऱ्यांना न जुमानणाऱ्या माझ्या वडिलांनी त्यांच्यापुढे हात जोडले.

"मास्तर, चुकलं माजं."

ते जोडलेले हात माझ्यामुळे होते. मला तिकडे बघवेना.

"अरे, जाऊ दे. टाइमआउट मी जिंकायलाच घेतला होता," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "फक्त माझ्या पोरींना मी सांगून बसलो होतो, तिच्याकडे बघा आणि शिका. ती बसणार नाही."