गच्चीवरची मंजूर खोली

सक्करदऱ्यातले आमचे शेजारी साधी भिंत हलवायची तरी आधी महापालिकेतून नकाशा मंजूर करून आणतात आणि तो साऱ्या गल्लीला दाखवतात. मी परवानगी न घेता गॅलरी बंद करून खोली केली, ती नोटीस आल्यावर पाडावी लागली.

त्यांच्या गच्चीवर नवी खोली उठली तेव्हा माझा जळफळाट झाला. नकाशापेक्षा चार बोटं जास्त निघाली तरी तक्रार करायची, असं ठरवून ते दुपारी झोपल्यावर मी टेप घेऊन वर चढलो. मोजत होतो, तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला.

"एकट्यानं माप चुकते गा भाऊ. एक टोक मले द्या."

माप तंतोतंत निघालं. मग त्यांनी चहा पाजला. तोही आमच्या घरच्यापेक्षा चांगला होता.