पानावरची मामी

माणसाला भरदिवसा दचकवण्याची विद्या माझ्या मामांइतकी उभ्या पश्चिम खानदेशात कुणाला साधली नसेल. गोऱ्या साहेबाच्या राज्यात नंदुरबारसारख्या गावी फोटोचं दुकान काढणं हाच मुळात एक धक्का. त्यात मामांचा कागदावर विश्वास नव्हता. फोटो काढायचे काचेवर आणि मग ती काच परसातल्या जिवंत पानाला दोऱ्यानं बांधून उन्हात सोडून द्यायची. काचेवर जिथं काळं, तिथं पानाला ऊन लागत नसे आणि ते पिवळं पडे. बाकीचं हिरवंच राही. आठेक दिवसांनी काच सोडली की पानातून माणूस आपल्याकडे बघायला लागायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गिलक्याच्या वेलावर शेजारचे मारवाडी शेठ पगडीसकट वाऱ्यावर डुलत होते. मी किंचाळत घरात पळालो. शेठजी स्वतः बघायला आले आणि आधी डोक्यावरची पगडी चाचपून गेले. दोन दिवसांनी पलीकडचे शिंपीचाचा धापा टाकत आले, "फोटोवाले भाई, गजब हो गया! हमारी बकरी सेठजी को खा गई!" मामांनी शांतपणे विचारलं, "पगडी बी?"

"कागदवर माणूस मरी जास, भाचा. पानवर तो जित्ता ऱ्हास," असं ते मला सांगत. पान तर चार दिवसांत फाटतं, असं मी म्हटलं की वर मलाच विचारत, "मंग? माणूस नही सुकस का?"

मामी गेल्यावर हे वेड एका केळीपाशी येऊन थांबलं. मामीची एकच काच होती. मामा ती केळीला बांधत, पान फाटलं की पुढच्या पानाला. तीन वर्षं मामी अशी परसात उभी होती आणि मामा तिच्याशेजारी बसून जेवत होते. गावातल्या बायका त्या बाजूनं पाणी आणायला जाईनाशा झाल्या. माझी आई म्हणजे मामांची थोरली बहीण. तिला घोर वेगळाच होता. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि पुढं नैवेद्य मांडतात. त्याशिवाय त्या जिवाला पाणी पोचत नाही. मामा मामीची घागर भरूच देत नसत. "घागर मरेलनी ऱ्हास. हाई ते आठेच शे," म्हणत आणि केळीकडे बोट दाखवत. आई दर आखाजीला धानोऱ्याहून बैलगाडीनं माहेरी यायची आणि तहानलेल्या भावजयीसाठी रडून परत जायची.

चौथ्या आखाजीला तिनं बाकीच्या पितरांचा नैवेद्य मांडायला घेतला. आईला जवळचं अंधुकच दिसे. घाईघाईत परसात गेली, हाताला लागलं ते रुंद पान कापलं, धुऊन मांडलं, वर पुरणपोळी आणि आमरस वाढला. मी वाकून पाहिलं. रसाच्या वर दोन डोळे, कपाळावर हिरवं कुंकू. "आई, मामी!" मी ओरडलो. आई पानावर वाकली.

"माय वं! भाऊ, काय करी बसनू मी!"

मामा धावत आले. आता हे घर डोक्यावर घेणार म्हणून मी दाराआड झालो. ते नुसते खाली बसले. आई काकुळतीनं म्हणाली, "दुसरा पानले काच बांध रे भाऊ."

"काच ते गयी, अक्का. पानना घाम लागी लागी तिन्हं तोंड धुवाई गयं. हाई शेवटनं पान व्हतं."

काच जाऊन महिना झाला होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आई पान उचलायला लागली, तर मामांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. घागर लई ये."

घागर त्यांनी स्वतः भरली. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. जन्मभर त्यांनी तिला 'ऐकस का' अशीच हाक मारली. त्या दिवशी घागरीवर हात ठेवून त्यांनी मामीचं नाव घेतलं. मग पुन्हा एकदा घेतलं, जरा मोठ्यानं, आणि आतून कुणी ओ देईल म्हणून थांबावं तसे थांबले.