आरशापलीकडचा शब्द

मोठा आरसा उचलायचा म्हणजे चौघं लागतात. दोघं काचेच्या बाजूला, दोघं पाठीमागे. काचेकडच्यांना स्वतःचंच तोंड दिसतं, पाठीमागच्यांना करडा रंग. एकमेकांची तोंडं कुणालाच दिसत नाहीत. म्हणून त्या चौघांची एक रीत होती. त्यांच्यातलाच मुकादम विचारायचा, "धरलं?" मग प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, "धरलं." चौथा शब्द कानावर पडेपर्यंत आरसा जागचा हलायचा नाही.

या चौघांत एक जण वयाने मोठा, म्हणून त्याला सगळे थोरला म्हणत. बायको गेल्यापासून दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारा हाच काय तो शब्द. घरी बोलायला भिंती होत्या, आणि त्यांच्याशी किती बोलणार?

एका सकाळी आरशासमोर उभा असताना त्याला वाटलं, शेगडी बंद केली का आपण? मागे राहून बंद करणारी आता कुणी नव्हती. मन घराकडे धावलं आणि सवयीने जीभ बोलून गेली, "धरलं." बोटं अजून काचेला लागली नव्हती. आरसा उचलला गेला, कलंडला, आणि त्याची धार पलीकडच्या मेव्हण्याचा हातमोजा फाडून तळव्यात शिरली. तो मेव्हणा म्हणजे गेलेल्या बायकोचा धाकटा भाऊ.

कुणी त्याला बोललं नाही. मुकादम एवढंच म्हणाला, "होतं असं." बोलले असते तर बरं झालं असतं. हातावरचे टाके निघाले, मेव्हणा कामावर परतला. पण आता थोरल्याने "धरलं" म्हटलं की मेव्हण्याशेजारचा चौथा गडी, ज्याला उंच मानेमुळे सगळे उंट म्हणत, तो आरशाच्या कडेवरून डोकवायचा, त्याचे हात बघायचा, आणि मान हलवायचा. मगच आरसा उठायचा.

"तुझी मान सार्थकी लागली रे," मुकादम उंटाची थट्टा करायचा. सगळे हसायचे. थोरलाही हसायचा, आणि मग आरशात आपलं हसू बघत बसायचा. आयुष्यभराच्या कामाचा त्याचा शब्द, आणि आता त्याला साक्षीदार लागत होता.

पुढे एकदा नाचाच्या वर्गासाठी आरसा वरच्या मजल्यावर न्यायचा होता. जिन्याच्या तोंडाशी मुकादमाने विचारलं, "धरलं?"

"धरलं," मेव्हणा म्हणाला. "धरलं," उंट म्हणाला.

थोरल्याचे तळवे घामाने ओले होते. काच बोटांखालून सरकत होती. धरलं नाही, असं आजवर या चौघांत कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणं म्हणजे आपण कच्चे, हे सांगणं.

"नाही धरलं," तो म्हणाला. "थांबा."

मुकादमाचा आवाज आला, "थांबलो."

"सावकाश, भावोजी," मेव्हणा म्हणाला. "आरसा काय पळून जातोय?"

थोरल्याने तळवे पँटला पुसले, बोटं नीट रुतवली. "धरलं," तो म्हणाला आणि वर बघत राहिला. उंटाचं डोकं कडेवर आलं नाही. आरसा उठला.

काम आटोपून जिना उतरताना मेव्हणा त्याच्या बरोबरीने चालू लागला. तो म्हणाला, "ताई असती तर आज तुम्ही तिला हे सांगितलं असतं."

"तिला सांगावं लागलं नसतं," थोरला म्हणाला. "आवाजावरून ओळखलं असतं तिने."

रस्त्यावर आल्यावर मेव्हणा स्वतःच्या घराकडे वळला, थोरला आपल्या.