वॉल्टरची राहून गेलेली शिकार

वॉल्टरने माझ्या टेबलावर नकाशा पसरला आणि हातात एक फॉर्म दिला. "सही करा, डॉक. ऑगस्टमध्ये निघतोय."

ही २००५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावात माझं क्लिनिक होतं. वॉल्टर रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, पंधरा वर्षांपासूनचा माझा पेशंट. डायबेटिस जुना. नकाशा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पाणथळ भागाचा होता. तिथे एकेकाळी बाहेरून आणलेल्या म्हशी रानटी होऊन बेसुमार वाढल्या आहेत. परवाना काढून, गाइड बरोबर घेऊन त्यांची शिकार करता येते. वॉल्टरने सगळं ठरवलं होतं. कॅम्प कुठे, मगरींपासून किती लांब राहायचं, उन्हात रोज किती मैल चालायचं. एवढं चालणं त्याला झेपेल, असं डॉक्टरने लिहून द्यायचं होतं.

"तयारी काय केलीत?" मी विचारलं.

"पाठीवर वाळूची पिशवी घेऊन रोज तळ्याला चार चकरा. आठ महिने झाले."

मी रिपोर्ट पाहिला. ए-वन-सी म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज. ती साडेनऊवरून सातवर आली होती. हृदयाची टेस्टही चांगली होती. 'चाला, चाला' म्हणून मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, तेव्हा हा पठ्ठ्या सोफ्यावरून हलला नव्हता. रेड्यासाठी मात्र चालत होता.

तिथेच सही करायला हवी होती. पण मी कोल्हापूरचा. आमच्याकडे दिवाळीत पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतात, त्यांना सजवून मिरवतात. दारातल्या म्हशीच्या दुधावर मी वाढलो. आणि हा माणूस तिच्या भाऊबंदांवर गोळी झाडायला निघालेला! माझं डोकंच फिरलं. तोंडाने मात्र म्हणालो, "जरा वाचून सांगतो."

वाचलं. त्या भागातल्या चिखलात एक जंतू असतो. पायाला जखम असेल तर तिथून तो शरीरात शिरतो, आणि डायबेटिस असलेल्यांच्या जिवावर बेतू शकतो. हे खरंच होतं. त्याच लेखात पुढे लिहिलं होतं, की हा आजार मुख्यतः पावसाळ्यातला. कोरड्या महिन्यांत धोका बराच कमी, चांगले बूट घालावेत, जखम झाकून ठेवावी. तिथला ऑगस्ट कोरडा असतो.

पुढच्या आठवड्यात मी वॉल्टरला पहिला भाग सांगितला. दुसरा सांगितला नाही.

बरोबर आणलेल्या नकाशावरून त्याने बोट फिरवलं. "माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"गेलो नसतो."

"ठीक आहे. कॅन्सल करतो." नकाशाची घडी त्याने फार सावकाश घातली.

घरी बायकोला, सुनंदाला हे सांगितलं. पोळी लाटता लाटता तिने विचारलं, "अहो, त्याला साखरेसाठी थांबवलंत की म्हशींसाठी?"

"पेशंटच्या भल्यासाठी," मी ताडकन म्हणालो. मला तिचा रागच आला, कारण ती बरोबर बोलत होती.

वॉल्टरचं चालणं बंद झालं. "आता कशासाठी चालू?" म्हणायचा. साखर चढत गेली, मी औषधं वाढवत गेलो. त्याच्या किडन्या आधीपासूनच कुरकुरत होत्या. दोन वर्षांनी त्याला डायलिसिस सुरू झालं, म्हणजे आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून रक्त शुद्ध करून घ्यायचं. तो चालत राहिला असता तर हे टळलं असतं का, मला सांगता येत नाही. पण त्या आठ महिन्यांचे रिपोर्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

एका दुपारी मी डायलिसिस सेंटरमध्ये त्याला भेटायला गेलो. "वॉल्टर, ऑगस्टमध्ये धोका फारसा नव्हता. मला ठाऊक होतं. मी लपवलं. मला ती शिकारच नको होती."

"कोरड्या सीझनचं ना? गाइडने मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं."

"मग गेला का नाहीत?"

"तो गाइड होता. तुम्ही माझे डॉक्टर होता."



शिकार मला आजही आवडत नाही. पण ते त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं, आणि मग सही करायला हवी होती. त्यानंतर रिटायर होईपर्यंत जो लेख वाचून सल्ला द्यायचो, त्याची सगळी पानं मी पेशंटच्या हातात छापून देत असे. वॉल्टरला त्याचा काही उपयोग झाला नाही.