डिस्क पुसण्याआधी

त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. सगळी गल्ली त्याला ‘थांबा’ म्हणते. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. एखाद्याची डिस्क पुसून नव्याने सिस्टिम टाकायची वेळ आली, की हा शेवटचं बटण दाबण्याआधी हात वर करतो आणि मोठ्यांदा म्हणतो, “थांबा!” मग पेलाभर पाणी पितो. मशीनला जोडलेली एकूण एक जादा वायर काढतो. आणि गिऱ्हाइकाकडे वळून विचारतो, “काही राहिलंय का?” तेही एकदा नाही, चांगलं तीनदा! गिऱ्हाईक पहिल्यांदा हसतं, दुसऱ्यांदा घड्याळ बघतं, तिसऱ्यांदा वैतागतं. आणि गंमत म्हणजे तिसऱ्या वेळीच कुणाला तरी आठवतं, अरे देवा, मुलीचे फोटो तर डेस्कटॉपवरच पडलेत.

दुकान म्हणजे जिन्याखालची एवढीशी खोली. सवय नसलेला माणूस उठता-बसताना हमखास डोकं आपटून घेतो. टेबलावर पोट उघडलेली दोन-तीन मशीनं, झाकणाच्या डबीत स्क्रू, खिळ्याला वायरींचा गुंता. शेजारी चष्मेवाला. त्याला दुपारी गिऱ्हाईक नसतं, मग तो दारात उभा राहून थांबाची फिरकी घेतो.

“काय हो, डिस्क पुसताय की मेंदूचं ऑपरेशन करताय?”

“ऑपरेशन बरं,” थांबा म्हणतो. “तिथे दुसऱ्याचा मेंदू चुकून त्याच टेबलावर राहत नाही.”

चष्मेवाला हसतो. त्याला वाटतं, विनोद झाला. विनोद कसला डोंबलाचा! दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, एवढंच आहे ते. आणि ते पोळणंही साधंसुधं नव्हतं, सख्ख्या बहिणीच्या कामात होतं.

थांबाची ताई बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. एकेका शब्दासाठी हाताच्या खुणेची चित्रं, त्याखाली शब्द, मग त्या शब्दाची छोटीशी गोष्ट, असे धडे ती स्वतः बनवायची. अकरा वर्षांचं काम होतं. नऊ वर्षांपूर्वी तिचं मशीन रखडायला लागलं आणि ती ते भावाकडे घेऊन आली. दुसरीकडे कशाला जाईल?

आता ऐका, आमचा हा हुशार माणूस कसा चुकला ते. त्यानं निष्काळजीपणा केला असता तर एक वेळ समजलं असतं. पण त्यानं काळजी घेतली! नवीकोरी डिस्क आणली, ताईच्या मशीनला बाहेरून जोडली, सगळे धडे तिच्यावर उतरवले. सगळं यथासांग. मग नवी सिस्टिम टाकायला बसला, तर मशीन अडून बसलं. या डिस्कची आखणी जुन्या पद्धतीची आहे, हिच्यावर सिस्टिम बसणार नाही, असा निरोप पडद्यावर. उपाय ठाऊक होता: सगळे भाग उडवायचे, डिस्क कोरी करायची. पडद्यावर डिस्क दिसत होत्या दोन, शून्य नंबर आणि एक नंबर, दोन्ही एकाच मापाच्या. नवी डिस्क आणताना जुनीच्याच मापाची आणली होती ना! त्यानं एक नंबर पुसली. निरोप तोच. वैतागून शून्य नंबरही पुसली. आता सिस्टिम मुकाट्यानं बसली. झाल्यावर यानं समाधानानं मान वळवली, तर टेबलावर कॉपीची डिस्क वायरीसकट तशीच जोडलेली, वरचा दिवा लुकलुकतोय.

कॉपी पुसली होती, मूळ पुसलं होतं, आणि मुळावर नवी सिस्टिम लिहून झाली होती. आठवडाभर धडपडून त्यानं हाती लावलं काय, तर अर्धवट तुटलेली चाळीसेक चित्रं.

ताईला सांगताना तो रडला. ताई म्हणाली, “असू दे रे.” बस, एवढंच. ना ओरडली, ना शिवी दिली. त्यानंतरही घरी येणंजाणं, हसणंबोलणं, सगळं होतं तसंच राहिलं. फक्त त्या दिवसाबद्दल तिनं ब्र काढला नाही, आणि तिचं मशीन पुन्हा कधी जिन्याखाली आलं नाही. मी म्हणतो, चार लाथा घातल्या असत्या तर परवडलं असतं. ते ‘असू दे’ बिचाऱ्यानं नऊ वर्षं उराशी धरलं.

आणि मग एका मंगळवारी भरदुपारी ताई आली. काखेत तिनं नंतर घेतलेल्या जुन्या मशीनचा डबा, कपाळावर घाम.

“चालूच होत नाहीये,” ती म्हणाली. “दोन दुकानं फिरले. दोघंही म्हणतात, नवीन सिस्टिम बसत नाही, अख्खी डिस्क पुसावी लागेल, आतलं सगळं जाईल.”

“आत काय आहे?” त्यानं विचारलं.

“धडे. पुन्हा केले ना सगळे. महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. नव्या बाईंच्या हातात ते दिले, की मी मोकळी.”

“कॉपी?”

ताईनं नुसती मान हलवली. नाही.

थांबानं डबा टेबलावर ठेवून घेतला. एकदा वाटलं, सरळ सांगावं, ताई, माझ्याच्यानं होणार नाही. पण ती स्टुलावर टेकली होती, डोकं न आपटता, वाकून. जिन्याची ती पायरी तिच्या अजून लक्षात होती. तो पेचकस घेऊन बसला.

त्यानं डिस्क बाहेर काढली, स्वतःच्या मशीनला लावली. दोन मिनिटं काहीच नाही. मग फोल्डर दिसायला लागले आणि दोघांनीही श्वास सोडला. धडे सहीसलामत होते, याही डिस्कची आखणी मात्र तीच जुनी. म्हणजे पुसण्यावाचून सुटका नाही. त्यानं एक कॉपी स्वतःच्या मशीनवर घेतली, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. तीन तास गेले. चष्मेवाला दोनदा डोकावला आणि चेहरे बघून मुकाट परत गेला.

“कॉपी झाली म्हणजे झाली असं नसतं,” थांबा म्हणाला. “उघडून बघायचं.” तो एकेक धडा उघडत गेला. पाणी. घर. भूक. सगळ्यात जुना धडा उघडला, तेव्हा त्याची नजर तारखेवर गेली. नऊ वर्षांपूर्वी सगळं पुसल्याचं त्यानं तिला सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. हिनं एक दिवससुद्धा रडण्यात घालवला नव्हता. त्याला ती तारीख बघवेना.

त्यानं बाहेरची डिस्क काढली, ताईच्या पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. “मांडीवर घेऊन बस. खाली ठेवू नकोस.”

मूळ डिस्क तिच्या मशीनमध्ये परत लावली, सिस्टिमची पेनड्राइव्ह खोचली, मशीन सुरू केलं. डिस्कची यादी आली, आणि त्याचा हात बटणावरून मागे आला. दोन ओळी!

“ही दुसरी कुणाची?” ताईनं पुढे झुकून विचारलं.

त्यानं माप वाचलं. पुन्हा वाचलं. “ही माझी पेन आहे,” तो म्हणाला. “छोटी आहे बघ. पुसायची ती ही मोठी, शून्य नंबर.” त्यानं ताईलाही बोट ठेवून दाखवायला लावलं. मग हात वर केला. गिऱ्हाईक सख्खी बहीण, तरी सवयीनं तोंडातून निघालंच, “थांबा!” पाणी प्यायला. अर्धं शर्टावर सांडलं.

“काही राहिलंय का?”

“नाही.”

“काही राहिलंय का?”

“नाही रे.”

“ताई, काही राहिलंय का?”

मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“हो, राहिलंय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. “गाढवा! कॉपी जोडलेली ठेवून कुणी डिस्क पुसतं का रे? अकरा वर्षं! माझी अकरा वर्षं घालवलीस तू! रात्र रात्र बसून काढलेली चित्रं होती ती! डोळे कुठे होते तुझे, मूर्खा?”

थांबा खाली मान घालून ऐकत होता. चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला तरी ताई थांबली नाही. लहानपणी द्यायची त्या सगळ्या शिव्या तिनं एकेक करून दिल्या. शेवटी दम लागला, तेव्हा पदरानं डोळे पुसले.

“तेव्हा का नाही बोललीस?” त्यानं विचारलं.

“तेव्हा बोलले असते तर तुझं तोंड पाहिलं नसतं पुन्हा. म्हणून गिळलं. ते तसंच राहून गेलं बघ.” तिनं नाक ओढलं. “आणि दुसरीकडे गेले ना आज, तर तो पोरगा बटण दाबायलाच निघाला होता. मीच ओरडले, थांबा म्हणून.”

थांबाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. नऊ वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि कीबोर्डवर हात ठेवला.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता काही नाही राहिलं,” ताई म्हणाली. “दाब.”