कोणाचं काय चाललंय, सगळ्यांना दिसतंय!

कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मी गोळा करत नाही; लोकच आणून देतात आणि वर माझ्यावरच चिडतात!

आमचं कॉलेज मुरबाडचं. साऱ्या स्टाफला मिळून एकच लिनक्स सर्व्हर, टेबलावर नुसते स्क्रीन. मशीन स्लो झाली तर बघायला एक कमांड असते. कोणाच्या नावावर कोणता प्रोग्रॅम, कोणती फाइल, सगळी यादी समोर! या कमांडची आमच्या स्टाफला चहासारखी सवय लागली. सकाळी आधी मस्टरवर सही, मग यादी.

*

भोईर सर बैलांचे शौकीन. म्हसा गावच्या जत्रेत काढलेला व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघत होते. फाइलचं नाव ‘खिलार जोडी’. पाच मिनिटांत खुर्चीमागे अर्धा स्टाफ!

“एकटाच काय बघतो रे? आवाज तरी सोड!”

प्रॅक्टिकलची पोरं दारातच ताटकळली.

*

ऑफिसच्या पाटीलभाऊंनी कमांडमध्येच पासवर्ड टाइप केला. कमांड चालू होती तोवर पासवर्ड यादीत झळकत होता. मी धावत गेलो, म्हटलं, आत्ताच्या आत्ता बदला!

“राहू द्या हो. मी नेहमी विसरतो. आता कुनालापन विचारता येईल!”

*

यात खरं मरण जाधव मॅडमचं. सापगावहून येतात, तासांवर शिकवतात. कल्याणला एका कॉलेजात कायमची जागा निघालेली, अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. आमच्या प्राचार्यांना कळलं असतं, तर पुढच्या टर्मचे तास गेलेच म्हणून समजा. घरी कॉम्प्युटर नाही.

मी म्हटलं, फाइलला साधं नाव द्या. त्यांनी दिलं ‘अ’. लगेच भोईर सर हजर.

“मॅडम, ‘अ’ म्हंजे काय हो? काय लपवताय?”

बाईंनी फाइल बंद केली. मला असा संताप आला!

*

उपाय एका ओळीचा. ज्याला त्याला आपापलंच दिसेल, अशी सेटिंग लिनक्समध्ये आहे. पण प्राचार्यांना विचारल्याशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. मी विचारलं, तर त्यांनी विषय थेट स्टाफ मीटिंगमध्ये घेतला.

“आपल्याकडं पारदर्शक कारभार हाय! ज्याच्या मनात काय नाय, त्याला भीती कसली?”

भोईर सर उठले. “दुसऱ्याचं दिसलंच नाय, तर मशीन कुनामुळं स्लो झाली ते कलनार कसं?”

टाळ्या! जाधव मॅडम मान खाली घालून बसलेल्या. मी कपाळावर हात मारला.

*

गुरुवारी दुपारी जाधव मॅडम लॅबमध्ये माझ्याशेजारी बसल्या होत्या. अर्ज अर्धवट, उद्या मुदत संपणार. तेवढ्यात प्राचार्य आत आले आणि त्यांनी दार लोटलं.

“ती आपापलंच दिसायची सेटिंग... किती वेळ लागतो?”

“एक मिनिट, सर.”

“मंग कुनालाच कुनाचं दिसनार नाय? भोईरला पन?”

“त्यांनाही नाही.”

“करा.”

“पण सर, मीटिंगमध्ये तर आपण...”

“मीटिंगचं सोडा हो! मी केबिनमध्ये बसायच्या आधी करा!”

मी एंटर दाबलं. सरांची पाठ फिरताच मॅडमनी अर्ज उघडला. प्राचार्य दारापर्यंत गेले आणि परत वळले.

“आन् तुमाला?”

“मला दिसतं, सर. सर्व्हर मीच सांभाळतो ना.”

प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं.

“मंग आज तुमी हाफ डे घ्या!”