स्टेशनवाली जाऊ

मंदा गेल्याची बातमी मला स्टेशनवरून आली. मंदा माझी धाकटी जाऊ. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी, सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन बाहेर पडलेली. दुपारी स्टेशनमास्तरांचा फोन आला की मंदाबाई नव्या फलाटावर बाकावर बसल्या होत्या, तिथंच कलंडल्या. मी पोचले तेव्हा तिच्याभोवती ड्युटीवरची पोरं होती, गाडीला आलेली माणसं होती, चहावाला हुंदके देत होता. मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले आणि खरं सांगते, आधी मनात आलं ते हेच, की मरायलाही हिला घर नाही, स्टेशनच आठवलं... आज सव्वा महिना झाला. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. पण मी आयुष्यभर तिचा हेवा केला आणि तो वगळला, तर माझ्याजवळ लिहिण्यासारखं फार उरत नाही.

आमचं स्टेशन दौंड-मनमाड मार्गावरचं, राहुरी तालुक्यातलं. मी लग्न होऊन आले तेव्हा एकच रूळ, दगडी इमारत आणि सिग्नलला रॉकेलचे दिवे. माझा दीर दिगंबर तिथं पॉइंट्समन होता. रूळ बदलायचे, दिवे लावायचे आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला वेताच्या कड्यात अडकवलेला लोखंडी गोळा द्यायचा. तो गोळा म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची खूण. तो हाती आल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नसे. मंदा जामखेडकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, कशीबशी आठवी शिकलेली. मी श्रीरामपूरची, बारावी पास. तिच्या लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच दिगंबर काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हाच्या मास्तरांनी त्याच्या जागेसाठी मंदाचा अर्ज भरून पाठवला आणि त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. बारावी शिकून मी शेणाच्या पाट्या उचलायच्या आणि हिनं सरकारी पगार घ्यायचा? नवरा गेलेल्या बाईचा हेवा करणारी जगात मी एकटीच असेन.

मंदा माहेरी गेली असताना तिला नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला बोलावल्याचं पत्र आलं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मी ते दोन दिवस पिठाच्या डब्यात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी चुलीत घातलं. मास्तर विचारायला आले तेव्हा सरळ सांगितलं, काही आलं नाही. घरात कुणाला कळलं नाही. नोकरीचं काही होत नाही म्हटल्यावर मंदा भावांबरोबर ऊसतोडीला गेली. तो सगळा हंगाम तिनं कोल्हारच्या बाजूला पाचटानं शाकारलेल्या कोपीत काढला. मास्तरांनी चिकाटीनं पुन्हा कागद हलवले आणि दुसरं पत्र आलं, तेव्हा ते स्वतः एसटीनं जाऊन उसाच्या फडात तिच्या हातात देऊन आले. मंदा परतली ती डाव्या मनगटावर कोयत्याचा वण घेऊन. पुढं तीस वर्षं तिला जेवायला वाढताना तो वण माझ्यासमोर असायचा.

नोकरी लागल्यावर तर ती गावाचीच झाली. धडधडत येणाऱ्या इंजिनापुढं हात उंच करून कडं धरणारी बाई बघायला लोक यायचे. माझी मुलगी कविता शाळेतून सुटली की घरी न येता काकूकडं पळायची. 'आई, काकूला ड्रायव्हर पण नमस्कार करतो', असं ती मला सांगायची, आणि मी भाकरी थापत राहायची. मग दिवे जाऊन विजेचे सिग्नल आले, गोळा गेला, दुसरा रूळ पडला, वर तारा आल्या. दर वेळी मला वाटायचं, आता हिचं काही चालायचं नाही. दर वेळी ती महिनाभर वही घेऊन बसायची आणि शिकून मोकळी व्हायची. अडलेलं इंग्रजी ती मला विचारायची. मी सांगायची, पण दोनदा विचारल्याशिवाय नाही.

दोन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत तिचा निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेब लोक होते. स्टेशनचा इतिहास सांगायला कुणाजवळ कागद नव्हता, मंदालाच बोलायला उभं केलं. पाण्याची टाकी कुठं होती, रॉकेल किती दिवस पुरायचं, जुनी घंटा कुठल्या खांबाला होती, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. शेवटी म्हणाली, 'अक्कांनी घर सांभाळलं म्हून मी ड्युटी केली.' टाळ्या माझ्याकडं बघून वाजल्या. मला तिथं बसवेना. घरी येताना वाटेत मी थांबले आणि तिला पत्राचं सांगून टाकलं.

ती हातातला हार सावरत म्हणाली, 'ठावं हाय मला, अक्का. फडावरनं आले तवाच पोष्टमननं सांगितलं हुतं.'

इतकी वर्षं का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

'बोलले असते तर ऱ्हायले कुठं असते? आन् तुमी कविताला माझ्याकडं येऊ दिलं असतं का?'

माफ केलं असं ती म्हणाली नाही. चालायला लागली, मी मागून गेले. पुढं दोन वर्षं आम्ही रोज सकाळी एकत्र चहा प्यायलो, तो विषय पुन्हा निघाला नाही. घरात राहता यावं, एका पोरीनं आपल्याला काकू म्हणावं, एवढ्यासाठी ही बाई तीस वर्षं गप्प राहिली. माझं असं कुणी केलं असतं, तर मला तीन दिवस गप्प राहता आलं नसतं. मला तिचा त्याचाही हेवा वाटला.

मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा काही काम नसताना स्टेशनवर गेले. आता रूळ ओलांडायला बंदी आहे, पुलावरूनच पलीकडं जावं लागतं. नगरला पेरू विकायला जाणारी एक म्हातारी पायऱ्यांपाशी पाटी टेकवून उभी होती. महिनाभर आजारी होते, मंदाबाई दिसत नाहीत, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती खालीच बसली. मग म्हणाली की रोज मंदाबाई पाटीला हात लावायच्या... गाडीची घोषणा झाली, तशी मी पाटीचा एक कान धरला. निम्म्या पायऱ्यांवर मला धाप लागली आणि पाटी टेकवावी लागली.

'मंदाबाई एका दमात चढायच्या', म्हातारी म्हणाली.

मी हात बदलला आणि पाटी पुन्हा उचलली.